स्टुलाखालची पेटी

वाडीच्या यार्डातलं स्टोअर उघडलं की बळीराम झाडे स्टुलावर बसायचा आणि बसल्या बसल्या टाचेनं मागे एक ठोकर मारायचा. स्टुलाखाली लाकडी पेटी होती. पेटीतलं लोखंड खणखणलं की त्याच्या कपाळावरची आठी जायची. मग तो खिडकीची फळी उचलून पहिल्या ड्रायव्हरला विचारायचा, "बोल गा, काय मोडून आणलं?" वीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता.

भिंतीपलीकडच्या काचेच्या खोलीत गोपिका गजभियेला तो खणखणाट ऐकू यायचा आणि तिचा दिवस तिथूनच बिघडायचा.

कंपनीचे शंभरावर ट्रक होते. वाडी, अमरावती, रायपूर आणि जबलपूर अशा चार यार्डांत त्यांचे सुटे भाग ठेवलेले असत. कुठे काय पडलंय ते एका जागी कळावं, एवढ्यासाठी ओमप्रकाश सेठनी पंच्याऐंशी साली कॉम्प्युटर आणला होता. चारही स्टोअरकीपरांनी रोजच्या आवक-जावकीच्या चिठ्ठ्या पाठवायच्या, गोपिकानं त्या मशीनमध्ये भरायच्या आणि विचारलं की मशीननं सांगायचं, हा पंप रायपूरला आहे, हा पट्टा कुठेच नाही. साधी गोष्ट होती. पण बळीरामच्या पेटीतलं काहीच चिठ्ठीवर येत नव्हतं.

मग व्हायचं असं. यार्डात ट्रक अडायचा. सेठ काचेच्या दाराशी चपला काढून आत यायचे. गोपिका बटणं दाबायची, हिरव्या अक्षरात शून्य उमटायचं. पुण्याला ट्रंककॉल लागायचा, माल निघायचा. आणि संध्याकाळी बळीराम स्टुलावरून उठून पेटीत हात घालायचा आणि तोच भाग वर काढायचा, जादूगारानं कबूतर काढावं तसा. ड्रायव्हर ओरडायचे, "वा, बळीरामभाऊ!" आणि तो काचेकडे बघून म्हणायचा, "मशीनले काय मालूम!"

"बळीरामभाऊ, तुम्ही चिठ्ठीवर लिहिलं असतं तर मशीनला मालूम झालं असतं," गोपिका खिडकीशी जाऊन म्हणायची.

"मी लिहितो, मंग तू सेठले सांगतं, सेठ रायपूरले पाठवते. अन् माहा ट्रक उभा राहिला त तू धक्का मारायले येशील काय वं?"

तिचे कान तापायचे. परत येऊन ती लांबलचक छापील कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या इतक्या जोरात फाडायची, की कागदच फाटायचा.

शहाऐंशीच्या पावसाळ्याअखेर सेठनी तिला विचारलं, "गोपिकाबाई, सच बोलो. ये मशीन हमको देती क्या है?" तिनं तोंड उघडलं, पण पेटीचं नाव घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाची चुगली करायला तिची जीभ वळत नव्हती. "दिवाली तक देखेंगे," सेठ म्हणाले, "नहीं तो बंद." मशीन बंद म्हणजे तिची सहा-सहा महिन्यांनी मुदत वाढणारी नोकरीही बंद. वडिलांची गिरणी सुटलेली, घरात कमावणारी ती एकटीच.

पेटी कुठून आली, हे तिला कवडूनं सांगितलं. कवडू बावणे कंपनीचा जुना ड्रायव्हर. सहासष्ट साली बळीराम नवा होता, नियमानं वागायचा. शेवटची क्लच प्लेट अमरावतीनं मागितली म्हणून त्यानं देऊन टाकली. दुसऱ्याच दिवशी वाडीतला ट्रक तिच्यावाचून अडला आणि तीन दिवस उभा राहिला. तेव्हाच्या मॅनेजरनं बळीरामला यार्डाच्या मधोमध उन्हात उभं करून सगळ्यांदेखत आईवरून शिव्या दिल्या. "त्याच आठवड्यात पेटी आली," कवडू म्हणाला. हे ऐकल्यावर गोपिकाला त्याच्यावर धड चिडताही येईना आणि न चिडताही राहवेना.

सप्टेंबर संपता संपता कवडू कळमन्याहून संत्री भरून दिल्लीला निघाला. लखनादौनच्या पुढे मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. त्या महिन्यात बेअरिंगच्या कारखान्यात संप होता, इथल्या बाजारात ते कुठेच मिळत नव्हतं. बळीरामनं पेटी उलटीपालटी केली. या वेळी खरंच नव्हतं. मशीन चारही यार्डांत शून्य दाखवत होतं. जबलपूरच्या तिवारी स्टोअरकीपरला फोन केला, तोही म्हणाला, नाही. पुण्याहून माल पोचेपर्यंत कवडू सहा दिवस रस्त्याच्या कडेला बसून होता. तो परत आला तेव्हा ट्रकला असा आंबूस वास होता, की कुत्रीसुद्धा लांबून जात होती.

तो थेट स्टोअरच्या खिडकीशी आला.

"बळीरामभाऊ, बेअरिंग बसल्यावर चाक तपासायले जबलपूरले गेलो होतो. तिवारीनं माह्या डोळ्यादेखत दुसऱ्या ड्रायव्हरले तेच बेअरिंग देल्लं. पेटीतून काहाडून. अजून दोन होते त्याच्यात."

बळीराम ताडकन उठला. "लपवून ठेवलं? माणूस रस्त्यावर मरून राहिला अन् हा लेकाचा माल लपवून बसला? असा कसा हलकट माणूस हाय गा हा!"

गोपिका चिठ्ठ्या न्यायला आली होती. तिनं फक्त स्टुलाखाली पाहिलं. मग कवडूनंही पाहिलं.

बळीराम खाली बसला. त्या दिवशी त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. ड्रायव्हर आपणहून मागत होते, तो देत होता.

दहा-बारा दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी यार्डातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पूजेला मांडायची रीत होती. पाना म्हणू नका, जॅक म्हणू नका, एकूण एक वस्तू चादरीवर यायची आणि तिला हळदकुंकू लागायचं. दर वर्षी बळीराम पेटीवर वरूनच एक फूल ठेवायचा. या वर्षी त्यानं काचेवर टकटक केलं.

"वही घेऊन ये वं."

"माझ्या घरी पूजा नसते, भाऊ. उद्या दीक्षाभूमीवर जायचंय, म्हणून लवकर निघणार होते."

"पूजा मी करतो. तू लिही."

त्यानं पेटी चादरीवर उपडी केली. ऑइल सील, फॅन बेल्ट, पंपाचे सुटे भाग, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या क्लच प्लेट. तो एकेकाला कुंकू लावायचा, नाव सांगायचा, ती लिहायची. एका प्लेटवरच्या वर्तमानपत्राची तारीख सदुसष्टची होती. ती वाचून गोपिकाला हसू आलं आणि लगेच राग आला. एकोणीस वर्षं! इतक्या वर्षांत किती ट्रक अडले असतील!

"तोंड काहून असं केलं?" बळीरामनं विचारलं.

"काही नाही. त्रेसष्ट झाले. पुढचं सांगा."

"पुढचं म्हणजे आता कागद घे. तिवारीले लिही. हिंदीत लिही, त्याले मराठी समजत नाही. लिही, की मी पेटी उघडली. आता तू उघड. नाहीतर मी स्वतः गाडीत बसून येतो अन् सगळ्यांसमोर उघडतो."

तशीच दोन पत्रं अमरावतीला आणि रायपूरला गेली. सेठच्या सहीची परिपत्रकं दीड वर्षात जे करू शकली नव्हती, ते या तीन पत्रांनी केलं. अमरावतीची यादी चार दिवसांत आली. तिवारीचं पाकीट सगळ्यात शेवटी आलं आणि सगळ्यात जाड होतं.

दिवाळीच्या आठवड्यात वाडीत एक ट्रक वॉटर पंपासाठी अडला. बळीरामची टाच सवयीनं मागे गेली, पेटी पोकळ वाजली. मशीननं सांगितलं, अमरावतीला दोन आहेत. संध्याकाळच्या गाडीनं पंप आला. सेठ काचेच्या खोलीत येऊन मशीनच्या पत्र्यावर प्रेमानं थाप मारून गेले. "देखा? काम करती है!" आणि गोपिकाच्या नोकरीचा पक्का कागद निघाला.

तिनं कागद घेतला आणि बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, शाबासकी मशीनला मिळाली."

"घेऊ दे ना वं," बळीराम म्हणाला. "थंड खोलीत बसते बिचारी. तिले कोण इचारते?"

पुढे दीड वर्ष तो कामावर होता. रिकाम्या पेटीला रोज ठोकर मारायचा. खणखणाट व्हायचा नाही, त्यामुळे आठी काही जायची नाही, पण चिठ्ठ्या न चुकता यायच्या, आणि चिठ्ठी उशिरा पाठवणाऱ्या रायपूरवाल्याला तो फोनवर अशा शिव्या द्यायचा, की गोपिकाला खोलीचं दार लावून घ्यावं लागायचं. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी तो घरी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी, गोपिका मशीनवर कपडा टाकून चपला घालत होती. बळीरामनं कुलूप लावलं, फाटकापर्यंत गेला, थांबला, पायजम्याचा खिसा चाचपला आणि उन्हातून परत आला.

"थांब वं," तो म्हणाला, "एक वायसर खिशात राहून गेलं. लिहून घे."