बाबांचा भुजमधला हिवाळा

दिवाळी संपली की मुलुंडच्या आमच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर नाहीसा व्हायचा. पावसाळ्यात हाताशी आल्यासारखा वाटणारा तो हिरवा डोंगर नोव्हेंबरात करड्या धुरक्यात बुडायचा आणि त्याच सुमाराला बाबांचा खोकला सुरू व्हायचा. त्या वर्षी तर शेजारची इमारत पाडायला घेतली होती. खिडक्या लावल्या, ओल्या फडक्याने दोनदोनदा पुसलं, तरी टेबलावर बोटाने रेघ ओढता येईल एवढी धूळ बसायचीच.

बाबा बस कंडक्टर होते. जन्मभर माणसांशी बोलत आलेला हा माणूस निवृत्तीनंतर मात्र गप्प होत गेला. विचारलं तर मानेनेच हो किंवा नाही. आई गेल्यामुळे असेल, वयामुळे असेल, असं मी धरून चालले होते.

आमच्या समोरच्या दारात एक कच्छी काकी राहतात. भुजला त्यांचं घर आहे, वर्षभर बंदच असतं. एकदा बाबांना दम लागलेला पाहून त्या म्हणाल्या, तिकडची हवा हिवाळ्यात कोरडी आणि स्वच्छ असते, झाडून घ्या आणि राहा. डॉक्टरांनी खात्री दिली नाही. मानवेल किंवा मानवणारही नाही, श्वासाचा पंप जवळ ठेवा, एवढंच सांगितलं. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. बाबांची हरकत एकच होती, तिथे मासे मिळणार नाहीत.

भुजला पहिले काही दिवस हालच झाले. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, नाक आतून जळजळायचं. बाबा सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळत बसायचे. कपडे मात्र दोरीवर टाकेपर्यंत वाळायचे. पहाटे कडाक्याची थंडी, दुपारी चटका देणारं ऊन, आणि सगळं लांबूनही लख्ख दिसायचं. गावाबाहेरच्या टेकडीवरची तटबंदी गच्चीवरून स्वच्छ ओळखू यायची. हळूहळू बाबांच्या डोक्याखालची, झोपेत दम लागू नये म्हणून रचलेली उशांची चळत कमी होत गेली.

एका दुपारी आम्ही गच्चीवर मटार सोलत होतो. बाबांनी आपणहून विषय काढला. आईला वर्सोव्याला घर हवं होतं, तिची बहीण तिथे राहायची म्हणून. यांनी हट्टाने मुलुंड घेतलं. डोंगराजवळची हवा चांगली, पुढे मुलांना बरं पडेल, असं त्यांच्या मनात होतं. "तिलाही नंतर डोंगर आवडायला लागला होता," ते म्हणाले, "पण कबूल केलं नाही कधी." आणि हसले. एवढं सगळं त्यांनी मध्ये कुठेही न थांबता सांगितलं होतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"बाबा, घरी तुम्ही असं का बोलत नाही?"

"बोललं की खोकला येतो. मग तुम्ही सगळे हातातलं टाकून माझ्याकडे बघत बसता. त्यापेक्षा गप्प बरं."

मी मटार सोलत राहिले आणि ते बोलत राहिले. त्या हिवाळ्यात मला आईविषयी जितकं कळलं, तितकं ती असतानाही कळलं नव्हतं.

होळी जवळ आली तसं वारं सुटलं. एका दुपारी आभाळ पिवळट झालं आणि बारीक धूळ दारं लावूनही अंथरुणापर्यंत पोहोचली. शेजारच्या बायकांनी दारांना ओल्या चादरी लावल्या, आम्हीही लावल्या. पण बाबांचा खोकला परतलाच. आता इथलं संपलं, चल घरी, असं तेच म्हणाले. मुलुंडला आलो तेव्हा धुरकं बरंच विरळ झालं होतं.

घरी आल्यावर काकी चहाला आल्या. बाबांना खोकला आला तरी थांबून बघत बसू नका, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. बाबा त्यांना त्यांच्याच घराबद्दल सांगू लागले, कुठला नळ गळतो, गच्चीवर कुठवर सावली येते. मध्येच ढास लागली. काकींनी कप खाली ठेवला नाही, मीही वळून पाहिलं नाही. ढास ओसरली. मग बाबांनी नळाचं पुढे सांगायला घेतलं.