पूर्ण शिफ्ट चाललं तरच कार्ड पास

आमच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचायच्या, धूळ आणि किस्से. धूळ ब्रशने निघायची. किस्से मात्र अजून निघताहेत!

इंदूरच्या मिल एरियात मी आणि मिलिंद कॉम्प्युटर असेंबल करायचो. मिलिंद महूच्या छावणीतला, आजोबा पलटणीतले, त्यामुळे माघार घेणं त्याला जमत नसे. बाजार नुकताच खुला झाला होता. बाहेरची ग्राफिक्स कार्डं येत होती आणि आसपासच्या मिल्स एकेक करून बंद पडत होत्या. आमच्याबद्दलही गल्लीत एकच बोलणं, "भिया, ये भी बंद होगी."

आम्ही विकायचो मधल्या दर्जाचं कार्ड. शोरूमवाले त्याला 'ऑफिसचं कार्ड' म्हणायचे. "गेम में दम तोड़ देगा!" ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मग काय, गेमवरच विकून दाखवायचं ठरलं.

*

सुरुवातीला आम्ही कार रेसचा गेम पाच मिनिटं चालवून कार्ड पास करायचो. एक दिवस माझे बाबा येऊन बसले. ते मिलमध्ये लूम चालवायचे. मिल बंद झाली तीही भर शिफ्टमध्ये. साहेब आले, मशीन जुनी झाली म्हणाले आणि मेन स्विच पाडला. बाबांचं अर्धं विणलेलं कापड लूमवरच राहिलं.

आमची टेस्टिंग बघून बाबा भडकले.

"पाच मिनिट? नवा लूम आम्ही पूर्ण शिफ्ट चालवून बघायचो. मग पास!"

झालं! गेम सकाळी सुरू, संध्याकाळी सुटी. गाडी आम्ही आळीपाळीने चालवायची आणि बाबा मागे खुर्ची टाकून बसणार. मध्ये चहाला उठायचं तर आधी दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड द्यायचा.

*

मिलिंदला बघायला मुलीचे मामा थेट दुकानात आले. नवरदेव घामाघूम होऊन पडद्यावर लाल गाडी पळवत होता आणि दर वळणावर भिंतीला ठोकत होता.

मामांनी हळूच विचारलं, "हे काम केव्हा करतात?"

"ड्युटीवरच आहे," बाबा म्हणाले. "सुटी झाली की बोला."

मामा थांबले. थोड्या वेळाने मिलिंदच्या शेजारी सरकले, मग त्याला उठवून स्वतःच बसले. जेवायलाही उठायला तयार नाहीत! संध्याकाळी निघताना म्हणाले, "मुलगा पसंत आहे. पण लग्नात त्याला स्कूटर देणार नाही!"

*

मे महिन्यात पत्र्याखाली कार्ड असं तापायचं की पडद्यावरचं चित्र अटकत, तुटत चालायचं. एक दिवस बाबांच्या हातात कीबोर्ड देऊन आम्ही जेवायला गेलो. बाबांनी काय करावं? पाण्याचा कूलर ओढून थेट उघड्या कॅबिनेटसमोर लावला आणि शिवाय जमिनीवर बादलीभर पाणी शिंपडलं! मिलच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा ओली ठेवायचे, ती सवय.

मदरबोर्ड गेला. मिलिंद कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, इथे सूत कुठे आहे?"

"मग मघापासून तुटत काय होतं?"



*

जवळच्या गौतमपुऱ्याचा एक पोरगा इंदुरात भंवरकुआंला हॉस्टेलवर राहून कोचिंग करायचा. कॉम्प्युटर घ्यायला वडिलांना घेऊन आला. वडिलांसमोर म्हणे, "भिया, पढ़ाई के लिए चाहिए." आणि माझ्या कानात म्हणे, "गेम चलना चाहिए."

बाबांनी त्यालाच टेस्टिंगला बसवलं. दुपारपर्यंत पोरगा खूश. मग अंग आंबलं, बोटं आखडली. उठायला लागला की बाबा म्हणायचे, "बैठ, शिफ्ट बाकी है." वडील शांतपणे सेव खात बघत होते.

सुटी झाली तेव्हा पोरगा रडकुंडीला आला होता. "भिया, गेम निकाल दो! मैं पढ़ लूंगा!"

वडिलांनी बाबांना वाकून नमस्कार केला.

*

शेवटी आले अजयजी. विजय नगरमध्ये त्यांना गेमिंग पार्लर काढायचं होतं. त्यांची ऑर्डर मिळाली तर दुकान राहणार होतं. नाहीतर मिलिंदने पुण्याला नोकरी बघून ठेवली होती आणि मी शटर ओढणार होतो. गल्ली तर त्या आवाजाची वाटच बघत होती.

शोरूमवाल्यांनी त्यांचेही कान भरले होते. "ये कार्ड गर्मी में बैठ जाएगा, ऐसा बोले," अजयजी म्हणाले.

"खुद चला के देखो," मिलिंद म्हणाला.

अजयजी बसले. बाहेर लूच्या झळा, वर तापलेला पत्रा. गेमची सगळी सेटिंग फुल केली की आमचं कार्ड धापा टाकायचं, हे खरं आहे. ते आम्ही कधी लपवलं नाही. मधल्या सेटिंगवर मात्र गाडी सरळ पळत होती. कार्डाला बोट लावलं तर चटका बसत होता. दुपार झाली, गाडी पळतेच आहे!

अजयजींनी हात वर केले. "बस भिया, मान गए. ऑर्डर पक्की. अब बंद करो."

मी आणि मिलिंदने एकमेकांकडे पाहिलं. मिलिंदचा हात आनंदाने स्विचकडे गेला.

बाबांनी तो मनगटाशीच धरला. मिल सुटल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"अजयजी, ऑर्डर द्या, नका देऊ. सुटी व्हायला अजून वेळ आहे. चालती मशीन बंद करायची बात या दुकानात कोणी करायची नाही!"