फळ्याचं पॉलिश

माझं नोकरीचं पहिलं गाव जऊळका स्टेशनापासून बैलबंडीच्या वाटेवर होतं. तिथं मुलींचा वर्ग मी गावाशी भांडून सुरू केला होता. मागच्या तपासणीला डिप्टीसाहेब आले तेव्हा मुली नुसत्या बसलेल्या होत्या आणि फळा वाळवीनं खाल्लेला. खडू टेकवला की भुसा पडायचा. साहेब म्हणाले, "पुढच्या खेपेला या मुलींनी फळ्यावर लिहून दाखवायचं. नाहीतर हा वर्ग बंद." वर्ग बंद म्हणजे पोरी पुन्हा शेणागोठ्यात. माझी झोप उडाली.

गावच्या सुतारानं नव्या फळ्यासाठी आपणहून सागाची फळी काढली. वाशीमला एका जमीनदाराकडं कपाटं करताना तो लाखेचं पॉलिश शिकून आला होता, पण गावात त्या कलेला कुणी विचारीना. नांगराला आणि बंडीच्या चाकाला पॉलिश कोण करून घेतो? मग त्यानं सगळी हौस शाळेच्या फळ्यावर भागवली. लाखेत काजळी कालवून हातावर हात दिले. डिप्टी येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी फळा खांद्यावर घेऊन आला आणि भिंतीला टेकवून बाजूला झाला.

"पाहा मास्तर. तोंड दिसते त्याच्यात."

खरंच दिसत होतं, टोपीसकट. मी खडू घेऊन 'श्री' काढायला गेलो तर खडू सर्रकन घसरला. दाबून लिहिलं तर मोडला. अक्षर काही उमटेना.

"अहो, लिहायचा फळा आहे हा, नवरीचा आरसा नव्हे!" मी ओरडलो. माझा आवाज तसाही वेशीपर्यंत जायचा.

त्याचा चेहरा पडला. "शाळेचं काम व्हतं जी, म्हणून चांगलं केलं," एवढंच म्हणाला. आता यावर माणसानं रागवावं तरी कसं?

वाळूनं घासलं तर नुसते ओरखडे उठले. रंधा मारला तर लाख पात्याला चिकटून बसली. दुपार झाली, तशी सुतारीण नवऱ्याची भाकर घेऊन आली. आम्ही दोघं हातपाय गाळून बसलेलो. तिनं फळ्यावर नख ओढून पाहिलं.

"हे लाखच व्हय ना?"

"व्हय," सुतार म्हणाला.

"मंग पापडखार लावा. माही लाखेची बांगडी खाराच्या पाण्यात इरघळली, तवा लय हासून राह्यले होते तुमी. आता हासा!"

भाकर तिथंच ठेवून ती घरोघर गेली. उन्हाळ्यातल्या पापडांसाठी जपलेला खार बायकांनी पदराला बांधून आणला, आणि खाराबरोबर त्याही आल्या. शाळेच्या अंगणात चूल पेटली. खाराचं कढत पाणी तरटाच्या बोळ्यानं फळ्यावर फिरू लागलं आणि सुताराची सगळी हौस काळ्या ओघळांनी वाहून गेली. त्याच्याकडे मला बघवत नव्हतं. पण सगळ्यात जोरानं तोच घासत होता. खारानं हात चरचरत होते, तरी एकही बाई उठली नाही.

मग फळ्यावर वीट घासली, तो धुतला, उन्हात वाळवला. त्यावर कोळशाची पूड आणि भोपळ्याच्या पानांचा रस चोळला. दिवस मावळायच्या आत फळा आमच्या काळ्या रानासारखा दिसू लागला. मी भीतभीत खडू टेकवला. 'श्री' उमटलं. सुतार पाठमोरा होऊन उगाच नाक शिंकरत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एका मुलीला आईचं नाव लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. दारात बायका उभ्या होत्या, काळे पडलेले हात पदराखाली घेऊन. त्यातली एक एकदम लाजली. आपलं नाव लिहिलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. साहेबांनी फळ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "चालू द्या वर्ग."

त्या माणसांचे उपकार मला फेडता आले नाहीत, आणि खरं सांगायचं तर फेडावेसेही वाटत नाहीत. ते अंगावर असलेलेच बरे.

साहेबांची बंडी वेशीबाहेर गेली. बायका पांगल्या, सुतारीण मात्र दारातच उभी. या बाईच्या घरी मी तिच्या लेकीसाठी कितीदा गेलो होतो, आणि दर वेळी "मंग गोवऱ्या कोन वेचन?" हे ऐकून परत आलो होतो. आता तिनं त्याच लेकीचा दंड धरून तिला पुढं ढकललं.

"हिलेबी बसवा, मास्तर. येवढं घासलं, थे काय लोकाच्याच पोरीईसाठी?"

मी खडू पोरीच्या हातात दिला आणि तिला फळ्यापाशी नेलं.