लाल न दिसणारी फिल्म

१२ डिसेंबर. आज रजा टाकून गजाभाऊंच्या डार्करूममधला हायपो कॅनमध्ये भरला. फोटो पक्का करायचं हे पाणी मोरीत ओतायचं नसतं, त्यात चांदी उतरलेली असते. त्यांची पुतणी मनीषा ते ओतायलाच निघाली होती. मग तिला मी आठवले. मी आरोग्यसेविका आहे. कुठलं पाणी कुठं ओतू नये हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

गजाभाऊ दिवाळीनंतर गेले. खालापूरला एसटी थांब्यासमोर त्यांचा स्टुडिओ होता. आमची ओळख भांडणानंच व्हायची, थोडक्यात वाचली. एका सकाळी उपकेंद्रात एक उंच, किंचित वाकलेला माणूस स्टीलचा डबा घेऊन आला. "ताई, आमच्याकडं लाइट सारखी जाते. एवढा डबा तुमच्या फ्रीजात राहू द्या." डब्यात कॅमेऱ्याचे रोल होते; गारव्यात ते टिकतात. मी सांगितलं, लशींच्या फ्रीजमध्ये लशीशिवाय काही ठेवत नाही, माझा स्वतःचा डबासुद्धा नाही. राग यायचा सोडून ते हसले. "बरं झालं. ठेवला असतात, तर आमच्या आळीतली पोरं तुमच्याकडं टोचायला पाठवली नसती."

सगळ्या तालुक्याच्या खिशात कॅमेरा आला, तरी गजाभाऊ फिल्मवरच राहिले, आणि तेही काळ्या-पांढऱ्या. हट्ट म्हणाल तर होताच. पण गिऱ्हाईकही होतं. गावांतल्या घरांत भिंतीवर आजा-पणजांचे फोटो एका ओळीत असतात, आणि त्या ओळीत बसायचं तर फोटो त्याच जातीचा लागतो. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळीही यायची. पळसदरीच्या धरणावर फोटो काढून झाले की गळ्यात भारी कॅमेरे अडकवून स्टुडिओत बसायची आणि कुठली फिल्म चांगली, कुठला कॅमेरा चांगला, हे विचारायची. गजाभाऊ त्यांना चहा पाजून सांगायचे, "शंभरची फिल्म म्हणजे कोलम. बारीक दाणा, पाव्हण्यांसाठी. चारशेची म्हणजे जाडा तांदूळ. दाणा दिसतो, पण अंधारात राबतो तोच."

कॅमेरे त्यांच्याकडे दोन. दोन्हींना मोठा रोल लागायचा आणि चौकोनी फोटो यायचा. एक वर-खाली दोन भिंगांचा, पेटीसारखा. दुसरा एका भिंगाचा, जड, आत आरसा असलेला; बटण दाबलं की तो आरसा खाडकन वर उडायचा. "हा जावई," गजाभाऊ म्हणायचे. "आला की सगळ्या घराला कळतं. भिंग मात्र झकास. आणि ही थोरली सून. आवाज नाय, हलणं नाय." सुनेत बघायला मान खाली घालावी लागते, हा त्यांना तिचा मोठा गुण वाटायचा. "समोरच्याला वाटतं, मी त्याला नमस्कार करतोय. माणूस सैल बसतो."

माझ्या स्कूटरवर मागं कॅमेऱ्याचा स्टँड धरून ते बऱ्याच गावांत आले. असंच आम्ही लोधिवलीच्या तुळसाबाईकडे गेलो. तिचा नवरा धोंडूबाबा फुप्फुसाच्या आजारानं खाटेला खिळला होता, दर आठवड्याला मी त्याला बघायला जायचे. डॉक्टरांनी हात टेकले होते. तुळसाबाईला जोडीचा फोटो हवा होता. मुलगा म्हणाला, फोनमध्ये ढीगभर आहेत, त्यातलाच एक मोठा करू. तिनं भिंतीकडे बोट केलं. "सासूसासऱ्यांच्या पंगतीत बसायचंय मला. तिथं रंगीत होऊन कशी बसू?"

गजाभाऊ एरवी फोटो अंगणात काढायचे. धोंडूबाबाला अंगणात आणणं शक्य नव्हतं. खोलीत अंधार, म्हणून त्यांनी चारशेची फिल्म भरली, वर पिवळा बल्ब लावला आणि जावई काढला. पाच दिवसांनी फोटो घेऊन आम्ही गेलो. धोंडूबाबाचा चेहरा इतका स्वच्छ होता, की पापण्या मोजाव्यात. शेजारी हातभर अंतर ठेवून तुळसाबाई, आणि तिचं कपाळ मोकळं.

कुंकू तिनं लावलं होतं, चांगलं रुपयाएवढं. मी स्वतः बघितलं होतं. फोटोत ते कातडीत विरून गेलं होतं.

तुळसाबाईनं फोटो पालथा घातला. "भाऊ, ते जिते हायेत अजून."

खाटेवरून धोंडूबाबा दम खात म्हणाला, "मला... आधीच पोचवला का रं?"

गजाभाऊंनी सांगितलं, चूक माझी. ह्या फिल्मला लाल जास्त कळतो, म्हणून लाल फिका येतो. पिवळ्या बल्बाखाली आणखीच फिका. अंगणातल्या उजेडात एवढं होत नाही, म्हणून ध्यानात राहिलं नाही. फोटोवर ब्रशानं कुंकू काढून देतो.

"तुमी काढाल ते तुमचं," तुळसाबाई म्हणाली. "मी लावलेलं आलं पाहिजे."

लाल अजिबात न दिसणारी एक फिल्म मिळते. तिला जे दिसत नाही ते फोटोत काळं उमटतं. गजाभाऊंनी ती मुंबईहून मागवली. पण ती मंद. त्या खोलीत खिडकीच्या उजेडावर भिंग चांगलं सेकंदभर उघडं ठेवावं लागणार, आणि धोंडूबाबाची छाती भात्यासारखी चाललेली. रोल येईपर्यंत रोज संध्याकाळी गजाभाऊंचा मला फोन. "ताई, बाबा कसे हायेत?" मी सांगायचे, आहेत. एवढंच त्यांना ऐकायचं असायचं.

रोल आला त्या दिवशी सकाळीच आम्ही गेलो. खाट खिडकीशी ओढली. या वेळी सून स्टँडवर बसली. धोंडूबाबाचा श्वास मला पाठ झाला होता: बाहेर सोडल्यावर तो क्षणभर थांबायचा. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले आणि ठरवलं, की तो थांबला की मी बोट वर करीन. तुळसाबाई या खेपेला त्याला खेटून बसली. बारा फोटोंचा रोल संपवला. बारापैकी अकरा वेळा तो मधेच खोकला.

बारावा फोटो आठवड्यात भिंतीवर लागला. तुळसाबाईचं कुंकू काळंभोर, ठसठशीत. धोंडूबाबा मात्र थोडा हललेलाच. हनुवटी पुसट, मिशा दोनदा आल्यासारख्या. गजाभाऊ खजील होऊन म्हणाले, "माझ्यानं एवढंच झालं, वहिनी."

तुळसाबाईनं फोटो दारातल्या उजेडात नेऊन बघितला. "बेस हाय. हललेत म्हंजे हायेत."

धोंडूबाबा पुढच्याच महिन्यात गेला. बायका जमल्या तेव्हा तिनं कपाळ स्वतःच पुसलं. मी म्हटलं, पुसायलाच पाहिजे असं आता काही नाही, ग्रामपंचायतीतही सांगतात. ती म्हणाली, "तुझी पंचायत माझ्या जावांशी भांडायला येणार हाय का गं? कपाळावरचं जाऊ दे. भिंतीवर हाय."

आज कॅन भरून झाले, तेव्हा मनीषाच्या हाती खोक्यातून तो पहिला फोटो लागला. गजाभाऊंनी तो टाकला नव्हता. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाले, "द्यायचा नाय, फाडायचा बी नाय. माझी चूक हाय, पण बाबा त्यात खरा आलाय." मनीषा म्हणाली, "किती स्वच्छ चेहरा. त्या आजींना देऊन टाका ना." मला ते पटेना. मोकळ्या कपाळाचा तो फोटो तुळसाबाईनं एकदा पालथा घातला होता. पण तो ठेवायचा की नाही हे ठरवणारी मी कोण, आणि मनीषा तरी कोण?

१३ डिसेंबर. सकाळी ड्यूटीवर जाताना लोधिवलीला थांबले आणि फोटो तुळसाबाईच्या हातात दिला. माझ्या बॅगेकडे बघून ती म्हणाली, "कात्री हाय का गं? यांना ठेव. मला काढ यातनं." ड्रेसिंगची कात्री घेऊन मी दोघांच्या मधून सरळ कापलं. धोंडूबाबाचा अर्धा भाग तिनं देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवला. स्वतःचा चुलीत सारला आणि वर चहाचं आधण चढवलं. चहा पिऊन मी कुंभिवलीच्या भेटींना निघाले.