कुवाबाराबाई आणि चार मिलिमीटरचा ठिपका

जपानमधल्या सागा जिल्ह्यातल्या आमच्या इस्पितळात कुवाबाराबाई ऑपरेशन थिएटरच्या मुख्य परिचारिका होत्या. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. त्या काळात त्या दोनदा हसल्या. एकदा का, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या भागात यकृताचा कॅन्सर घरोघरी. ऑपरेशनच्या आधी यकृताची ताकद तपासायला शिरेतून एक हिरवं औषध देत. निरोगी यकृत ते काही तासांत टाकून देतं, गाठ मात्र दिवसेंदिवस धरून ठेवते. खास कॅमेऱ्याखाली ती चमकते, असं पुढे लक्षात आलं. २००८ साली तरुण सर्जन नोदाका तो कॅमेरा घेऊन आमच्याकडे आले.

"फक्त एक अडचण आहे," ते म्हणाले. "कॅमेरा चालू असताना वरचे दिवे बंद करावे लागतात."

कुवाबाराबाई हातातलं काम पुरं करून म्हणाल्या, "पोट उघडं असताना?"

"हो."

"एकतीस वर्षं दिवा नुसता लुकलुकला तरी मी वीजवाल्यांना फैलावर घेत आले. आता स्वतःच घालवू?"

बाईंनी नकार दिला नाही. नियम मात्र लिहून भिंतीवर लावले. दिवे जाण्याआधी धारदार हत्यारं ताटात. सगळ्यांचे हात छातीशी. बोलायचं नाही. मग रिकाम्या थिएटरमध्ये आठवडाभर त्या अंधारात हत्यारं उचलायचा सराव करत राहिल्या. मी समोर हात पुढे करून उभी. पहिल्या दिवशी चिमटा माझ्या कोपरात बसला.

"तुझा हात चुकीच्या जागी होता," बाई म्हणाल्या.

पहिला रुग्ण एगाशिरा, तातामीच्या चटया शिवणारे, वय अडुसष्ट. ऑपरेशन प्रमुख सर्जन उशिजिमासरांचं. त्यांचा भरवसा स्वतःच्या बोटांवर. दिसत होती ती गाठ त्यांनी तासाभरात काढली. मग सगळं यकृत चाचपलं, सोनोग्राफीही फिरवली. पण यकृत जुन्या आजाराने आधीच फणसासारखं खडबडीत झालेलं, त्यात बोटांना काय लागणार?

"काही नाही. बंद करू या," सर म्हणाले.

"सर, एकदा कॅमेरा," नोदाका म्हणाले.

"हात छातीशी, सर," बाई म्हणाल्या. सरांनी शाळेतल्या पोरासारखे हात जुळवले. बाईंनी मिनिटभर डोळे मिटून घेतले, अंधाराची सवय व्हावी म्हणून, आणि मला मान हलवून खूण केली. मी दिवे घालवले.

पडद्यावर दोन पांढरे ठिपके उमटले.

"दिवे लावा, बघतो," सर म्हणाले. दिवे लावले, तर ठिपके कुठे होते तेच कळेना. सरांनी बोट फिरवलं. "इथे काही नाही. या माणसाचं यकृत आधीच कमजोर आहे. उगाच कापायचं?"

"सर, अंधारातच त्या जागेवर खुणेचा टाका घातला तर?" बाईंनी विचारलं. ऑपरेशन चालू असताना त्यांनी सर्जनला सल्ला दिलेला आम्ही प्रथमच ऐकत होतो. "सुई मी देते."

सरांनी हात पुन्हा छातीशी नेले. ही त्यांची संमती होती.

दिवे गेले. चिमट्यात धरलेली सुई नोदाकांच्या तळहातात आली, टोक खाली, मूठ बरोबर बोटांत. दोन टाके पडले. उजेड झाल्यावर सरांनी स्वतःच दोन्ही तुकडे कापले. अहवालात एक ठिपका नुसता निरुपद्रवी गुठळी निघाला. दुसरा कॅन्सर, चार मिलिमीटर.

अहवाल वाचून सर बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होते. नंतर थिएटरपाशी येऊन म्हणाले, "कुवाबाराबाई, तो सराव नव्या मुलींनाही शिकवा."

"गेल्या सोमवारपासून चालू आहे, सर."

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी कपडे बदलताना बाईंना स्वतःच्याच झग्याची नाडी सुटत नव्हती. मी पाहिलं. बाई म्हणाल्या, "भूक लागलीय." मी दोन वाट्या उडोनच्या जाड शेवया मागवल्या. त्यांनी एकही घास खाल्ला नाही.

एगाशिरा तपासणीला आले तेव्हा कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"अंधारात सुई दिलीत म्हणे."

"दिली."

"आधी कळलं असतं तर मी आलोच नसतो."

"म्हणूनच सांगितलं नाही."

चौथ्या वर्षी एगाशिरांना पुन्हा गाठ झाली, यकृतात खोलवर. तो कॅमेरा सेंटिमीटरभराच्या पलीकडे बघू शकत नाही. ती साध्या तपासणीत सापडली, काढलीही. त्यानंतर आणखी तीन वर्षं ते चटया शिवत होते. गेले ते हिवाळ्यात, न्यूमोनियाने. कुवाबाराबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. अंत्यविधीला आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, आणि एगाशिरांच्या बायकोने हात धरला तेव्हा तो त्यांनी बराच वेळ सोडवून घेतला नाही.