सामानापाशी आत्या

संग्रहालयाच्या दारात डाव्या हाताला एक खिडकी आहे. पिशव्या, छत्र्या, हेल्मेटं तिथे द्यायची, पितळी बिल्ला घ्यायचा आणि मोकळ्या हातांनी आत जायचं. खिडकीमागे आत्या उभी असते. बसायला स्टूल दिलंय, पण त्यावर ती डबा ठेवते. बिल्ल्याशिवाय ती कुणाची काठीसुद्धा परत करत नाही. एकदा खुद्द संचालक बिल्ला हरवून आले, तर त्यांच्याकडून छत्रीच्या मुठीचं वर्णन वदवून घेतल्यावरच तिने छत्री सोडली.

अशा बाईला घरच्यांनी सुट्टीच्या दिवशी काय काम द्यावं? तर सामान सांभाळायचं.

रविवारी दादाच्या जेवणाच्या टेबलाभोवती डोंगरातल्या तळ्याची सहल ठरत होती. पुढारीपण अर्थातच भाच्याकडे. एका कयाकमध्ये, म्हणजे दोघांच्या चिंचोळ्या होडीत, दादा-वहिनी, दुसऱ्यात भाचेसून आणि तिची बहीण. भाचा स्वतः पॅडलबोर्डवर, म्हणजे पाण्यावरच्या फळीवर उभं राहून वल्हं मारणार. वहिनीला पोहता येत नाही म्हणून तिला जाडजूड लाइफ जॅकेट. दादाच्या गुडघ्यासाठी उशी. बारीकसारीक सगळ्याचा विचार झाला. आपलं नाव आता येईल, मग येईल म्हणून आत्या कान टवकारून बसली होती.

"आणि आत्या सामानापाशी," असं म्हणून भाचा सँडविचच्या विषयाकडे वळला.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्रावर गेले तेव्हा ती चपलांपाशी, उंच पाळण्यात बसले तेव्हा चष्म्यांपाशी. घरच्या फोटोंमध्ये ती अगदीच नाही असं नाही. पिशव्यांच्या एका फोटोत कडेला तिचं कोपर आलंय. सगळे भिजून, हसून, भुकेले होऊन परत यायचे आणि ही कोरडी ठणठणीत, मांडीवर पाच जणांचे मोबाइल घेऊन.

दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता तिने तळ्यावरच्या बोटवाल्याला फोन लावला, भाच्याचं बुकिंग सांगितलं आणि सामानाचं काय करतात म्हणून विचारलं. लॉकर आहेत की, तो म्हणाला, किल्ली दोरीला बांधून मनगटात घालायची. तुमच्या साहेबांनाही सांगितलं होतं, पण ते म्हणाले, नको, आमच्याकडे माणूस आहे.

माणूस. आत्याने डब्याचं झाकण लावून टाकलं. सख्ख्या भावाच्या पोराने आपल्याला लॉकरच्या जागी बसवलं होतं, आणि तेसुद्धा लॉकर असताना. त्या दुपारी खिडकीवर आलेल्या लोकांनी बिल्ले जपून धरले.

संध्याकाळी तिने दोन उशांवर इस्त्रीची फळी टाकली, हातात झाडू घेतला आणि वर चढली. पहिल्यांदा ती कपाटावर आदळली, दुसऱ्यांदा पलंगावर. खालचे शेजारी वर येऊन काही हवंय का विचारून गेले. तिसऱ्यांदा मात्र ती उभी राहिली. उभं राहण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतंच.

गुरुवारी पुन्हा बैठक बसली. आत्याने सांगून टाकलं की सामान लॉकरमध्ये जाईल आणि ती पाण्यावर. दादाने तिचं वय काढलं. मग तिने त्याचे गुडघे काढले. कयाकमध्ये आता जागा नाही, म्हणून भाचेसून हळहळली. कयाक नकोच, आत्या म्हणाली, बसून बसून कंटाळा आलाय. तिला फळी हवी होती.

"अगं, पण लॉकर कशाला उगाच," भाचा लाडात येऊन म्हणाला. "तू आहेस ना."

आत्याने खांद्यावरची पर्स काढून त्याच्यापुढे धरली. सवयीने त्याने हात पुढे केला आणि घेतली. आत्या तशीच तळहात पसरून उभी राहिली.

"काय?" भाचा म्हणाला.

"बिल्ला."

"कसला बिल्ला?"

"सामान घेतलंस ना? मग बिल्ला दे. मी बिल्ल्याशिवाय कुणाच्या हातात काही सोडत नाही. इतकी वर्षं तुमचं सामान तसंच घेतलं, ते चुकलंच माझं."

वहिनीला हसू आवरेना. भाच्याने उगाच खिसे चाचपले. शेवटी त्याने मोबाइल काढला, बोटवाल्याला फोन लावला आणि आणखी एक फळी आणि एक मोठा लॉकर सांगितला. कुणासाठी, असं पलीकडून विचारलं असावं.

"आत्यासाठी," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत पुढे म्हणाला, "नाही, नाही. लॉकर सगळ्यांसाठी. फळी आत्यासाठी."

आत्याने पर्स परत घेतली. राग मात्र अजून गेला नव्हता. तो ती तळ्यापर्यंत नेणार होती, आणि तोही लॉकरमध्ये ठेवणार नव्हती.