मावसाजींचा दहा मिनिटांचा अंदाज

बालाघाटात दोनच गोष्टी आजवर एका जागी थांबलेल्या कुणी पाहिल्या नाहीत : वैनगंगा आणि आमचे मावसाजी. त्यातही वैनगंगा उन्हाळ्यात थोडी दमते. मावसाजी, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पण फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते जितके चालले, तितक्यात दुसऱ्या कुणाच्या दोन नर्मदा परिक्रमा झाल्या असत्या. अजूनही ते उभ्याने जेवतात, चालत पेपर वाचतात, आणि दाढी करताना आरसा मागे राहतो.

या धावपळीचं मूळ एकच : कोणत्या तेलात कोणता वायू किती विरघळेल, याचा न मोजता अंदाज बांधणं. पाण्यात हवा विरघळते म्हणून मासे जगतात, हे आपल्यालाही ठाऊक असतं. तेलात ती त्याहून कितीतरी जास्त मुरते, या विचाराने झोप फक्त मावसाजींची उडते. वारासिवनीच्या एका लग्नात नवरदेवाचे सात फेरे व्हायच्या आत मावसाजींचे पुऱ्यांच्या कढईभोवती अकरा झाले होते. "पाणी तापलं का हवा पळते," ते आचाऱ्याला सांगत होते, "पण नायट्रोजन तेलात उलटा. तापलं का अजून घुसते. काहून, सांग बरं." आचारी म्हणाला, "गुरुजी, पहले पुऱ्या काढू द्या. नायट्रोजन बाद में काढतो." मला मात्र त्यांनी सगळं शास्त्र तीन वाक्यांत शिकवलं : "वायू म्हणजे पाहुणा. पाहुणा सुस्त अन् घर त्याच्या स्वभावाचं, त मुक्काम लांबते. तू येतो ना माह्या घरी, तसं."

गेल्या वर्षी मावशीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठून मावसाजींनी वायूचं नाव काढून घेतलं आणि रिपोर्टच्या पाकिटावर गणित मांडलं. "चरबी म्हणजे तेलच," त्यांनी अख्ख्या व्हरांड्याला ऐकवलं. "जितका गॅस तिच्यात मुरन, तितकी बाई उशिरा उठन. हिले दहा मिनिटं." ऑपरेशन झालं, गॅस बंद केला, असं नर्स सांगून गेली. दहा मिनिटं झाली. पंधरा. वीस. मावशी उठेना. मावसाजी आधी आकडे पुटपुटत चालत होते, मग नुसतेच चालू लागले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाला काही शिकवायचं नव्हतं.

"अंकलजी, बैठ जाइए," नर्स म्हणाली.

"कैसे बैठूं," ते म्हणाले. "मेरा अंदाज इतना गलत कभी नहीं आता."

डॉक्टरांनी दारातून डोकावून सांगितलं, "वजन ज्यादा है ना, थोड़ा टाइम लगेगा." तेव्हा मी ते पाकीट पाहिलं. बाकी मला काय कळणार, पण मावशीचं वजन कळलं : बेचाळीस किलो. मावशी ऑटोत बसली की ऑटोवाला दुसरी सवारी घेत नाही.

"मावसाजी, हे वजन कुठलं?"

"लग्न झाल्यावर गोंदियाच्या स्टेशनावर काट्यावर उभी केलती तिले. वजनाचं तिकीट आहे माह्याजवळ." मग हळूच, "काहून, बदललं का?"

पस्तिसाव्या मिनिटाला मावशीने डोळे उघडले. तोवर तिला बाहेर खाटेवर आणलं होतं, आणि मावसाजी खाटेभोवती फिरतच होते. जड जिभेने ती म्हणाली, "बसा ना जी आता."

आणि मावसाजी बसले. संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा मावशी निवांत घोरत होती, आणि ते खाटेजवळच्या स्टुलावर अजूनही तिचा हात धरून बसले होते. पाकीट गुडघ्यावर होतं. बेचाळीस त्यांनी खोडले नव्हते.